फाटकाबाहेरचा पहिला पंधरवडा

२७ मार्च २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एक निकाल दिला आणि त्यापाठोपाठ नागपूरच्या मध्यवर्ती कारागृहातून एक माणूस बाहेर आला. पुण्यातल्या १९९४ सालच्या एका खून खटल्यात त्याला फाशीची शिक्षा झाली होती. गुन्ह्याच्या वेळी तो जेमतेम साडेबारा वर्षांचा होता, हे राजस्थानातल्या त्याच्या शाळेच्या नोंदीवरून न्यायालयाने मान्य केले. अशा मुलाला कायद्याने जास्तीत जास्त तीन वर्षे ठेवता येते. हा अठ्ठावीस वर्षांहून अधिक काळ आत होता. अल्पवयीन आरोपीची ओळख जपावी असे कायदा सांगतो, म्हणून त्याचे नाव येथे घेत नाही. तुरुंगात तो शिकला, थेट एम.ए.पर्यंत पोचला. पण बाहेर आल्यावर आई भेटली तेव्हा तिची बोली त्याला कळेना. इतक्या वर्षांत ती त्याच्या कानावरच पडली नव्हती.

न्यायालयाच्या आदेशाने फाटक उघडते. आईशी पुन्हा बोलायचे कसे, राहायचे कुठे, कमवायचे काय, गावाच्या नजरेला नजर कशी द्यायची, यांतले काहीच त्या आदेशात नसते. सुटून आलेल्या माणसाचे पुनर्वसन हा आपल्याकडे दयेचा विषय समजला जातो. माझ्या मते तो व्यवस्थापनाचा विषय आहे. आधीपासून तयारी करावी, एका माणसाच्या अंगावर जबाबदारी टाकावी आणि काम तडीला न्यावे, असा. ही तयारी नसेल तर शिक्षेमागचा हेतूच वाया जातो, आणि त्याची किंमत सुटणाऱ्याइतकीच आपण सगळे मोजतो.

सुटकेच्या वाटा

तुरुंगातून बाहेर पडणारे सगळे एकाच वाटेने येत नाहीत, आणि प्रत्येक वाटेची अडचण वेगळी आहे.

सर्वांत मोठी गर्दी न्यायाधीन बंद्यांची, म्हणजे बोलीभाषेत कच्च्या कैद्यांची. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या आकडेवारीनुसार देशातल्या तुरुंगांत ५ लाख ७३ हजार बंदी होते आणि त्यांपैकी ७५.८ टक्के खटला संपायची वाट पाहत होते. तुरुंग क्षमतेच्या १३१ टक्के भरलेले होते. नागपूरचे कारागृह १८६४ सालचे. त्याची अधिकृत क्षमता सुमारे अठराशेची, पण आतली संख्या कित्येक वर्षे त्याच्या बरीच पुढे आहे.

कच्चा कैदी जामिनावर किंवा निर्दोष सुटतो. कोणत्या दिवशी सुटेल हे त्यालाही ठाऊक नसते. शिवाय जामीन मंजूर होणे आणि जामिनावर बाहेर येणे यांत फार अंतर असते. जामिनाची रक्कम भरायला पैसे नाहीत, जामीनदार मिळत नाही, म्हणून कित्येक जण आदेश होऊनही आतच राहतात. यावर सर्वोच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०२३ रोजी सूचना दिल्या: जामिनाचा आदेश ई-मेलने त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी तुरुंगात पोचवावा, आणि सात दिवसांत बंदी सुटला नाही तर तुरुंग अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवावे. त्याच वर्षी केंद्राने गरीब बंद्यांसाठी योजना आणली. तिच्यात सुरुवातीला जामिनासाठी ४० हजारांपर्यंत आणि दंड भरण्यासाठी २५ हजारांपर्यंत मदत ठरली. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ प्रमाणे, काही गंभीर गुन्हे वगळता, पहिल्यांदाच आरोपी झालेल्या माणसाने गुन्ह्याच्या कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला असेल, तर त्याला सोडण्याची तरतूद झाली आहे.

दुसरी वाट सिद्धदोष बंद्यांची. चांगली वर्तणूक आणि काम यांबद्दल माफीचे दिवस मिळतात आणि शिक्षा तेवढी घटते. जन्मठेप म्हणजे चौदा वर्षे, ही समजूत मात्र साफ चुकीची आहे. जन्मठेप म्हणजे उरलेले सगळे आयुष्य. ज्या गुन्ह्याला फाशीचीही तरतूद आहे, त्यात जन्मठेप झालेल्याला प्रत्यक्ष चौदा वर्षे भोगल्याशिवाय सोडता येत नाही, एवढाच त्या आकड्याचा अर्थ. त्यानंतर मुदतपूर्व सुटकेचा विचार होतो. गुन्ह्याचे स्वरूप पाहून सरकारने वर्गवारी ठरवलेली आहे. पोलिसांचे, तुरुंगाचे, शिक्षा देणाऱ्या न्यायालयाचे मत मागवले जाते आणि मग शासन निर्णय घेते. पूर्वी अर्ज करायला कोणी नसले की ही फाइल हलतच नसे. १८ फेब्रुवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की जिथे असे धोरण आहे तिथे पात्र बंद्याचा विचार सरकारने आपणहून केला पाहिजे, अर्जासाठी अडून राहता कामा नये.

तिसरी वाट तात्पुरती. महाराष्ट्रात १९५९ च्या नियमांनुसार संचित रजा आणि अभिवचन रजा मिळते. पहिली फर्लो, दुसरी पॅरोल. फर्लोला कारण लागत नाही, ती वागणुकीतून कमावायची असते. पॅरोल आजारपण, मृत्यू, लग्न अशा कारणाने मिळतो. बातम्यांत या रजा फक्त कुणी पळून गेला की येतात. खरे तर घरी परतण्याची ती तालीम आहे. पोरगा केवढा झाला, शेत कोण कसते, भाऊ बोलतो की तोंड फिरवतो, हे माणसाला एकदम शेवटी कळण्याऐवजी टप्प्याटप्प्याने कळते. पण रजेसाठीही जामीनदार हवा आणि गावच्या पोलीस ठाण्याचा अनुकूल अहवाल हवा. ज्याचे घराशी नाते सर्वांत कच्चे झाले आहे, त्यालाच या दोन गोष्टी मिळत नाहीत. ज्याला तालमीची गरज जास्त, त्याचीच तालीम होत नाही.

वर्धा रोडवर

नागपूरच्या तुरुंगातून बाहेर पडणारा माणूस वर्धा रोडच्या रहदारीत येतो. २००५ साली आत गेलेल्या माणसाने येथे मेट्रो पाहिलेली नसते. ती २०१९ मध्ये सुरू झाली. रहाटे कॉलनीचे स्टेशन तुरुंगाला अगदी लागून आहे. चहाच्या टपरीवर पैसे फोनने दिले जातात. गणेशपेठच्या बसस्थानकावर जायचे तर रिक्षा ॲपवरून बोलावली जाते. घरचा नंबर कागदावर लिहिलेला असतो आणि तो कधीच बंद पडलेला असतो.

तुरुंगाच्या फाटकावर ओळखखुणा तपासतात, आत जाताना जमा केलेले सामान परत देतात, खात्यावरची मजुरी हाती देतात. गरजूला गावापर्यंतच्या प्रवासाची सोय करून देण्याची पद्धत आहे. गोंदिया, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली अशा जिल्ह्यांतली माणसे या तुरुंगात असतात. सिरोंच्यासारख्या टोकाच्या गावाहून नागपूरला मुलाकातीला येणे म्हणजे दोन दिवसांची मजुरी बुडवणे आणि एसटीचे भाडे उसने काढणे. म्हणून मुलाकाती विरळ होत जातात, मग थांबतात. राज्यातल्या कारागृहांत ‘गळाभेट’ नावाचा उपक्रम चालतो. त्यात जाळीआडून न भेटता मुले आईबापाला मिठी मारून भेटू शकतात. वरवर तो एका दिवसाचा भावनिक कार्यक्रम वाटेल. पण जे मूल बापाच्या मांडीवर बसून गेले आहे, ते पाच वर्षांनी दारात उभ्या राहिलेल्या माणसाला ओळखते.

सुटकेनंतरचे पहिले दिवस किती नाजूक असतात, याचा पुरावा अमेरिकेतल्या एका अभ्यासात आहे. वॉशिंग्टन राज्याच्या तुरुंगांतून सुटलेल्या तीस हजारांवर माणसांच्या नोंदी तपासून २००७ मध्ये तो प्रसिद्ध झाला. सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत या माणसांचा मृत्यू होण्याचा धोका बाहेरच्या तशाच लोकांपेक्षा १२.७ पट होता. मुख्य कारण अमली पदार्थांचा अतिरेक. आपली परिस्थिती वेगळी आहे, आकडे जसेच्या तसे इकडे लावता येणार नाहीत. पण पहिल्या पंधरवड्यात माणूस सांभाळला जातो किंवा हातातून निसटतो, हे तुरुंगात काम करणारा कोणीही मान्य करील. आत सुरू असलेली क्षयरोगाची किंवा मानसिक आजाराची गोळी या दिवसांत बंद पडते. जुने मित्र याच दिवसांत भेटतात. घरच्यांनी दार लावून घेतले तर तेही याच दिवसांत.

त्यात कागदांची अडचण. माणूस बरीच वर्षे घरी नसला की रेशनकार्डावरून नाव उतरते, बँकेचे खाते निष्क्रिय होते, आधारला जोडलेला मोबाइल नंबर दुसऱ्याच कुणाचा झालेला असतो. आधार नाही म्हणून खाते नाही, खाते नाही म्हणून रोजगार हमीची मजुरी नाही. आत असताना, सवडीने, एका टेबलावर बसून मार्गी लागू शकणारे हे काम बाहेर आल्यावर दहा कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवायला लावते.

हातात कसब, गाठीला पैसा

तुरुंगात काम मिळते. सुतारकाम, शिवणकाम, विणकाम, बेकरी, शेती असे विभाग राज्यातल्या मोठ्या कारागृहांत आहेत. २०२३ मध्ये महाराष्ट्राने बंद्यांची मजुरी वाढवली तेव्हा कुशल बंद्याला रोज ७४ रुपये, अर्धकुशलला ६७, अकुशलला ५३ आणि खुल्या कारागृहातल्या बंद्याला ९४ रुपये असा दर ठरला. महिन्याचे पंचवीस दिवस काम मिळाले तर अकुशल बंद्याच्या हाती १,३२५ रुपये येतात. त्यातूनच कँटीनमधला साबण, तेल, बिस्किटे आणि जमले तर घरी मनिऑर्डर. पाच वर्षांनी बाहेर पडताना गाठीला काय उरणार, याचा हिशेब कोणीही करावा.

सुताराचेच उदाहरण घेऊ. समजा, एक जण आत आठ वर्षे रंधा मारायला शिकला. टेबले, खुर्च्या, कपाटे घडवली, हात बसला. बाहेर आल्यावर त्याला करवत, पटाशी, रंधा, ड्रिल मशीन स्वतःच्या पैशाने घ्यावे लागते. शहरात बहुतेक काम प्लायवूड आणि सनमायक्याचे, ठेकेदाराच्या हाताखालचे. ठेकेदार दोन प्रश्न विचारतो: आधी कुणाकडे काम केले, आणि ओळखीचे कोण? दोन्हीचे खरे उत्तर एकच, आणि ते दिले की काम जाते. तुरुंगाने त्याला हत्यार धरायला शिकवले, पण बाजारात त्याच्यासाठी शब्द टाकणारा माणूस दिला नाही. प्रशिक्षणाच्या प्रमाणपत्रावर तुरुंगाऐवजी आयटीआयसारख्या संस्थेचे नाव असणे, सुटकेआधीच एखाद्या कारखानदाराशी गाठ घालून देणे, पहिल्या सहा महिन्यांसाठी हत्यारांचा संच देणे, या तीन गोष्टींना फार मोठा खर्च येत नाही.

या बाबतीत महाराष्ट्राने एक चांगले पाऊल टाकले आहे. १ मे २०२२ रोजी येरवड्यात राज्य सहकारी बँकेच्या ‘जिव्हाळा’ कर्ज योजनेची सुरुवात झाली. शिक्षा भोगत असलेल्या बंद्याला ५० हजार रुपयांपर्यंत कर्ज, व्याज ७ टक्के, जामीनदाराची अट नाही, परतफेड तुरुंगातल्या मजुरीतून. मुलाची फी, घराची डागडुजी, वकिलाची फी यांसाठी आत बसलेला बाप किंवा आई काही करू शकते. रकमेपेक्षा मला यातला भरवसा मोलाचा वाटतो. गावात कुणी दहा रुपये उसने देत नाही अशा माणसाच्या श्रमावर एक बँक कर्ज देते, आणि घरच्यांच्या लेखी तो पुन्हा कर्ता होतो.

गावाची नजर आणि पोलिसांचे दार

गुन्हेगारी कशी सुटते, यावर समाजशास्त्रज्ञांनी बरेच काम केले आहे. रॉबर्ट सॅम्पसन आणि जॉन लॉब यांनी बॉस्टनमधल्या पाचशे बालगुन्हेगारांच्या जुन्या नोंदींवरून त्यांच्या पुढच्या आयुष्यांचा मागोवा घेतला आणि १९९३ मध्ये निष्कर्ष मांडले. टिकणारी नोकरी आणि घट्ट वैवाहिक नाते या दोन गोष्टींनी माणसे वळणावर आली. उपदेशापेक्षा गमावण्यासारखे काहीतरी हाती असणे अधिक कामी आले. नॉर्वेसारखा देश तुरुंगात असतानाच घर, काम आणि उपचार यांची जुळवाजुळव करतो, आणि तिथे सुटलेल्यांपैकी साधारण पाचातला एकच दोन वर्षांत पुन्हा शिक्षेला पात्र ठरतो.

आपल्याकडे नोकरीच्या आड चारित्र्य पडताळणी येते. निर्दोष सुटलेल्या माणसालाही ‘गुन्हा दाखल होता’ या नोंदीचा त्रास होतो. परिसरात चोरी झाली की पहिली चौकशी त्याच्याच दारात. विदर्भातल्या पारधी वस्त्यांना हा अनुभव पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, पण संशय रद्द झाला नाही. तुरुंगाची पायरी न चढलेल्याची ही गत, तर चढून आलेल्याची काय होत असेल?

बायांची स्थिती याहून कठीण. पुरुष सुटून आला तर बायको, आई बहुधा दार उघडतात. बाई आत गेली की मुलाकातीला कोणी येत नाही आणि सुटल्यावर सासर-माहेर दोन्ही तोंड फिरवते. सहा वर्षांपर्यंतचे मूल आईजवळ तुरुंगात राहू शकते; त्यानंतर ते कुणाकडे वाढले, हे शोधण्यापासून तिच्या नव्या आयुष्याची सुरुवात होते.

कायद्याने यासाठी माणूस नेमलेला आहे. १९५८ च्या परिविक्षा (प्रोबेशन) कायद्यानुसार परिविक्षा अधिकारी आहेत, महिला व बालविकास विभागाकडे सुटलेल्या बंद्यांच्या अनुरक्षणाचे, म्हणजे सुटकेनंतरच्या काळजीचे, काम आहे. पण तुरुंग गृह खात्याकडे आणि सुटलेला माणूस दुसऱ्या खात्याकडे, अशी वाटणी असल्याने मधल्या फटीत तो हरवतो. ही फट काही ठिकाणी संस्था बुजवतात. टाटा समाजविज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ हा प्रकल्प १९९० पासून बंद्यांसोबत काम करतो. अमरावतीची ‘वऱ्हाड’ ही संस्था विदर्भातल्या तुरुंगांत बंदी आणि त्यांच्या कुटुंबांसाठी झटते. प्रशिक्षित समाजसेवक तुरुंगात रोज बसला, घरी फोन लावला, वकिलाला गाठले, तर किती सुटकांचा मार्ग मोकळा होतो, हे अशा कामांनी दाखवून दिले आहे. ही कामे सरकारी पदांवर, कायमस्वरूपी, प्रत्येक मध्यवर्ती कारागृहात व्हायला हवीत.

स्वतंत्रपूर ते मोर्शी

बंद्याला विश्वासाने बाहेरच्या जगाची सवय लावावी, ही कल्पना महाराष्ट्राच्या मातीत जुनी आहे. औंध संस्थानात १९३९ च्या सुमारास आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसले. मॉरिस फ्रीडमन या पोलिश अभियंत्याची कल्पना आणि राजे भवानराव पंतप्रतिनिधींचा पाठिंबा. शिक्षा झालेली माणसे तिथे भिंतीवाचून राहिली, शेती केली, कुटुंबांना सोबत ठेवले. याच प्रयोगावरून ग. दि. माडगूळकरांनी कथा लिहिली आणि व्ही. शांताराम यांनी १९५७ मध्ये ‘दो आँखे बारह हाथ’ काढला. सिनेमा सगळ्यांना माहीत आहे, पण ती वसाहत खरी होती, हे फार थोड्यांना.

आज राज्यात येरवडा, पैठण, मोर्शी अशा ठिकाणी खुली कारागृहे आहेत. अमरावती जिल्ह्यातले मोर्शी विदर्भासाठी जवळचे. उंच भिंती नाहीत, पहारा थोडा, शेतीचे काम आणि मजुरी जास्त. पळून जाणे शक्य असताना माणूस न पळता राहतो, यातच तो स्वतःवर ताबा मिळवतो. मोठ्या शिक्षेच्या प्रत्येक बंद्याची शेवटची दोन-तीन वर्षे अशा ठिकाणी गेली, तर फाटकाबाहेरचा धक्का निम्म्याने कमी होईल. अडचण अशी की या जागा मोजक्या आहेत, त्यांच्यासाठी निवड कडक आहे आणि स्त्रियांच्या वाट्याला त्या फार कमी येतात.

गडचिरोलीत जमते ते

शासनाने मनावर घेतले तर पुनर्वसन कसे होते, हे पाहायला नागपूरहून फार दूर जावे लागत नाही. माओवाद्यांच्या आत्मसमर्पणाचे धोरण महाराष्ट्रात २००५ पासून आहे. शस्त्र खाली ठेवलेल्या माणसाला रोख मदत मिळते, आधार आणि बँक खाते काढून दिले जाते, घरासाठी जागा मिळते, कौशल्य प्रशिक्षण होते, कारखान्यात नोकरी मिळवून दिली जाते आणि पोलीस दल त्याची खबरबात ठेवते. १५ ऑक्टोबर २०२५ रोजी माओवादी नेता मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती याने साठ साथीदारांसह गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांसमोर शस्त्रे ठेवली. इतकी वर्षे सातत्याने चालवलेल्या धोरणाचाही त्यात वाटा आहे.

ज्यांनी राज्याविरुद्ध बंदूक उचलली त्यांच्यासाठी हे होऊ शकते आणि ते योग्यच आहे. मग रागाच्या भरात झालेल्या एका गुन्ह्याची पुरी शिक्षा भोगून आलेल्या शेतमजुरासाठी याच्या चौथ्या हिश्श्याइतकी तयारी का होऊ नये? सिद्धदोष बंद्याच्या सुटकेची तारीख तुरुंगाच्या रजिस्टरात महिनोन्‌महिने आधी लिहिलेली असते. सहा महिने आधी एका अधिकाऱ्याने त्याची फाइल उघडावी: आधार, रेशनकार्ड, बँक खाते, औषधे कुठल्या सरकारी दवाखान्यात चालू राहणार, घरच्यांशी बोलणे, गरज असेल तर गावाला भेट, राहायची जागा, पहिले काम. सुटल्यावर पंधरा दिवसांत एक भेट, तीन महिन्यांनी दुसरी. कच्च्या कैद्याला तारीख नसते, म्हणून त्याच्यासाठी फाटकावरच एक टेबल हवे, जिथे विधी सेवा प्राधिकरणाचा माणूस त्याचा पत्ता आणि पुढची कोर्टाची तारीख लिहून देईल.

आणि ज्यांचे माणूस गेले, ज्यांच्या मुलीवर अत्याचार झाला, त्यांचे काय? हा प्रश्न कुणीही टाळू नये. पीडितांना मदत हा त्यांचा हक्क आहे. महाराष्ट्रात २०१३ पासून ‘मनोधैर्य’ योजना आहे, आणि बंद्याच्या मजुरीतला काही हिस्सा पीडितांच्या भरपाईसाठी ठेवावा, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्येच सुचवले होते. ही मदत वेळेवर आणि पुरेशी मिळावी म्हणून भांडायलाच हवे. पण गुन्हेगाराला बाहेर उपाशी, बेघर आणि एकटे ठेवल्याने पीडिताला काहीच मिळत नाही. त्यातून फक्त पुढचा पीडित तयार होतो.

सरकारने करायचे ते सरकारने करावे. काही आपल्या हातातले आहे. घर भाड्याने देणारे आपण, गड्याला कामावर ठेवणारे आपण, शाळेत त्याच्या मुलाशेजारी आपल्या मुलाला बसू देणारे किंवा उठवणारेही आपणच. सुटून आलेला शेजारी पुन्हा आत जातो की इथलाच होतो, याचा बराचसा निर्णय त्याच्या वस्तीत होतो. न्यायालयाने त्याची शिक्षा मोजून दिली होती आणि ती त्याने भोगली. तिच्यात भर घालण्याचा अधिकार आपल्याला कुणी दिलेला नाही.